कोपराच्या वरचं घड्याळ

माझ्या बायकोनं घड्याळ मनगटावर कधी घातलं नाही. कोपराच्या वर, दंडावर घालायची. तिथं पट्टा पुरेना, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिनं पट्ट्याला शिवून घेतला होता. लग्नाकार्यात नव्या सुना हसायच्या. एकीनं विचारलंच होतं, "आत्याबाई, हे घड्याळ हाय का बाजूबंद?"

"बाजूबंद पाच वाजल्याचं सांगते काय बाई?" असं म्हणून ही पुढं गेली.

दंडावर काहून, ते सांगतो. ती निंदणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी होती. बारा-चौदा बाया. त्यांच्या कामाचा बोल, म्हणजे मालकाशी तोंडी ठराव, हीच करायची, आणि कोणत्या वावरात जायचं, किती वाजता सुटायचं, तेही हीच ठरवायची. सोयाबीन गुडघ्याला लागलं की पाऊस थांबला तरी पानापानावर पाणी असतं. बाई उकिडवी बसून खुरपं चालवते, तिचे दोन्ही हात त्या ओल्या पाल्यात. मनगट दिवसभर ओलं. कोपराच्या वर तेवढं कोरडं राहतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला तिचे दोन पावसाळे गेले.

घड्याळ का घेतलं तेही सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आधी टोळीकडं घड्याळ नव्हतं. पाचला सुट्टी, असा बोल असायचा. पण पाच वाजले हे सांगणार कोण? मालक. आणि मालकाच्या घड्याळात पाच लवकर वाजत नसत. "अजून लय वेळ हाय बाई, ढगानं अंधार वाटून राह्यला," असं म्हणायचे. म्हणून बाया रस्त्यावरून जाणाऱ्या पाचच्या एसटीवर नजर ठेवायच्या. एक दिवस ती एसटी कुठंतरी बंद पडली आणि बाया दिवेलागणीपर्यंत निंदत राहिल्या. घरी आली ती चपला भिरकावतच. पुढच्या बाजाराला मंगरूळपीरला गेली आणि घड्याळ घेऊन आली. बायकी नाही, मर्दानी. बायकी घड्याळातले काटे बारीक, वाकून बसल्यावर दिसत नाहीत म्हणे.

मला राग आला. मी म्हटलं, "घरात मर्दाच्या हातात घड्याळ नाही अन् तू घालतं काय?"

"तुमाले कुठं जाचं हाय घड्याळ पाहून?" ती म्हणाली. "बैलं सांगतेत न तुमाले, घरी चला मनून."

दुकानदारानं तिला सांगितलं होतं, याच्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं आहे, याला पाणी चालतं. तिनं ते उलटून पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "पान्याले इंग्रजी येते काय?" लिहिण्यावर तिचा भरवसा नव्हताच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहील तेवढंच खरं.

पहिल्या झडीला तिनं घड्याळ दुधाच्या पिशवीत घट्ट बांधलं. दुपारपर्यंत पिशवीला आतून घाम सुटला आणि काचेवर धुकं आलं. मग दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत ठेवलं. तेही जमलं नाही. "घाम मन्जे खारं पानी," ती म्हणाली, "पावसापेक्षा बेकार." त्यानंतर दंड. दंडावर ते कायमचं बसलं.

तिचे बाकीचे कायदे मला पाठ आहेत, कारण ते तिनं मलाच ऐकवले. ओल्या हातानं चावी ओढायची नाही, चावी म्हणजे घड्याळाचं दार, उघडलं की पाणी आत. वेळ लावून झाली की चावी आत दाबली का ते दोनदा पाहायचं. चुलीच्या कोनाड्यात ठेवायचं नाही, गरम जागेवरून थंड जागेवर आणलं की काच आतून धुरकट होते. घरी आल्यावर आधी सुती फडक्यानं पाठीवरून पुसायचं, कारण घाम पाठीमागून शिरतो. मग खिडकीत वाऱ्याला ठेवायचं, उन्हात नाही. आणि दरवर्षी पेरणीच्या आधी मंगरूळपीरला नेऊन त्याचा सेल आणि झाकणाच्या आतलं रबर बदलून आणायचं. मी म्हणायचो, "चालून राह्यलं न बाई, मंग कायले बदलतं?" ती म्हणायची, "बंद पडल्यावर बदलून काय फायदा? दवाखान्यात मेल्यावर जातेत काय?"

आता कोणी म्हणेल, आज सगळ्यांकडं मोबाईल आहेत, घड्याळाची काय गरज? मोबाईल आहेत. पण ओल्या निंदणात मोबाईल कोणी कमरेला ठेवत नाही. दोघींचे चिखलात पडून मेले, तेव्हापासून सगळ्यांचे मोबाईल पिशवीत घालून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडाला टांगतात. मोबाईल झाडाला आणि मालक झाडाखाली. निंदणाची पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, अर्धी सोडून त्याच्या नाकासमोर वेळ पाहायला कोण जाणार? हिच्या दंडावरचं घड्याळ मात्र पातीतच असायचं. ती मान वाकडी करून पाहायची, उठायची आणि म्हणायची, "पाच झाले, भाऊ." तिच्यामागं बारा खुरपी एकदम थांबायची. मालकाला काही म्हणायला जागाच उरत नसे.

माघात ती गेली. पाच दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी नर्स सुई लावायला आली, तिनं बाही वर केली आणि थांबली.

"आजी, घड्याळ इथं काहून?"

हिला धाप लागत होती. बोलू नको म्हटलं तरी ऐकेना. सोयाबीनच्या पाल्यापासून सुरुवात केली, पोलक्यातल्या घामापर्यंत आली. नर्स कामाची घाई असणारी पोरगी. पण तिनं हातातलं सगळं खाली ठेवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. त्या पोरीचं नावही मला माहीत नाही. पण तिचे उपकार आहेत माझ्यावर. बायकोनं शेवटी कोणाला काही मनापासून सांगितलं असेल तर ते तिला.

मग नर्सनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. बायको माझ्याकडं पाहून म्हणाली, "ओल्यात ठेवू नोका." बस. दागिना कोणाला द्यायचा, भांड्यांचं काय करायचं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

घरी आल्यावर मी घरातली सगळ्यात कोरडी जागा शोधली. पत्र्याची गव्हाची कोठी. झाकण काढलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि घड्याळ गव्हात पुरून टाकलं. फडक्यात गुंडाळलं नाही, फडकं ओल धरतं म्हणून. तो गहू तिनंच उन्हाळ्यात अंगणात बसून एरंडीचं तेल चोळून भरला होता, कीड लागू नये म्हणून. आमच्याकडं सगळेच चोळतात. ते तेल माझ्या ध्यानात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते नुसतं कोरडं ठेवायचं नव्हतं. लपवायचं होतं. दुसऱ्या बाईच्या दंडावर ते मला पाहायचं नव्हतं.

तिच्या माघारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला टोळीतल्या साऱ्या बाया आल्या. पाणी भरलं, स्वयंपाक केला, भांडी घासली, पाव्हण्यांना वाढलं. माझ्या पुढ्यात ताट ठेवून, मी जेवेपर्यंत एक बाई समोर बसून राहिली. घड्याळाचं कोणी नावही काढलं नाही. त्यांचं होतं ते, खरं तर. हिनं घेतलं होतं टोळीसाठीच. पण मी ते काढून दिलं नाही.

आषाढ लागला. निंदण सुरू झालं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी एक बाई आहे. हिच्यानंतर टोळी तिच्याकडं आली. हिला मामी आणि मला मामा म्हणते. ती एका सकाळी दारात आली.

"मामा, मामीचं घड्याळ व्हतं न?"

"सापडून नाही राह्यलं."

"बरं. सापडलं त सांगजा," म्हणाली आणि गेली. कोठी तिच्यापासून चार हातांवर होती.

नंतरच्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं. टोळीत शेजारच्या गावाची एक बाई आहे, लेकुरवाळी. लेकरू सासूजवळ ठेवून येते. तिच्या गावाला जाणारा शेवटचा ऑटो साडेपाचला निघतो. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. मालक झाडाखाली उभा, "एवढी पात झाली का जा बाई, अजून पाच कुठं वाजले," म्हणत राहिला. बायांनी पात काढली, मग दुसरी काढली. सुटून झाडाला टांगलेले मोबाईल पाहिले तर सहा वाजून गेलेले. ती बाई तशीच पावसात चालत निघाली. तिकडं घरी लेकरानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. रस्त्यात नाल्याला पाणी आलं होतं, म्हणून ती अर्धा तास तिथंच उभी होती.

शेजारीण हे मला सांगायला आली. आवाज चढलेला होता. "मामी असती त हे झालं नसतं," म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे. भाकरी ठेवली आणि गेली. हो, ती रोज मला भाकरी आणून देत होती. मी तिच्याशी खोटं बोललो त्या दिवशीही दिली होती.

मी ताटाला हात लावला नाही. कोठी उघडली. हात फिरवून फिरवून घड्याळ काढलं. ते बंद होतं. दोन वाजून दहा मिनिटं. कोणत्या दिवसाचे दोन, काय माहीत. सारं तेलकट, काचेला भुसा चिकटलेला, आणि काचेच्या आत दव. मी फडक्यानं पुसायला गेलो तर तेल आणखी पसरलं. चावी ओढली तर ती ढिली. मी कोठीजवळच खाली बसलो. बायकोनं जाताना एकच गोष्ट सांगितली होती.

सकाळच्या एसटीनं मंगरूळपीर गाठलं. बसस्टँडच्या बाजूला घड्याळवाला बसतो, काचेच्या पेटीमागं. दरवर्षी बायको त्याच्याकडंच यायची. घड्याळ पाहिल्याबरोबर त्यानं ओळखलं. "बाई नाही आल्या यंदा?"

मी सांगितलं. डोळ्याला लावलेलं भिंग त्यानं काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. मग झाकण उघडलं. नाकाजवळ नेलं. पुन्हा नेलं.

"मामा," तो म्हणाला, "याचं पोट साफ कराचं व्हतं काय? एरंडी पाजली तुमी याले!"

बाजूचा चहावाला हसला. मीही हसलो. बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो, तेही स्वतःच्याच गाढवपणावर. मग सगळं सांगितलं, कोठीचं.

तो म्हणाला, "गव्हात बी पानी असते मामा, आपल्याले दिसत नाही. आन तेलानं हे रबर फुगलं. पाहा, कसं ढिलं पडलं. मंग कोठीतली सारी दमट हवा आत. त्यात यंदा रबर बदललं नाही."

"मी पान्यापासून वाचवून राह्यलो होतो."

"बाई वाचवत व्हत्या. रोज घालत, रोज पुसत, वाऱ्याले ठेवत. तुमी त बँकेत टाकलं."

"चालू होईन काय?"

"आज नाही सांगू शकत. गंज आतल्या चाकाले लागला असन त नवीन मशीन टाका लागन. आठ दिवसानं या."

एसटीत बसून मी तेच धरून बसलो. आठ दिवस. तोवर बाया रोज वावरात, आणि पाच वाजवणारा मालक. बरं, यात चूक कोणाची? माझी. मग भरायचं कोणी?

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल प्लास्टिकमध्ये गुंडाळून टोपीत ठेवला, छत्री घेतली आणि टोळी होती त्या वावरात गेलो. पाचला दोन मिनिटं होती. धुऱ्यावर उभा राहिलो. मालकानं विचारलं, "काय बाबा, काय काम काढलं?"

"काम काही नाही," मी म्हटलं. मोबाईल पाहिला. पाच झाले. मग होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "पाच झाले!"

बाया दचकून उभ्या राहिल्या. एकीच्या हातातलं खुरपं खाली पडलं. मग सगळ्या खो खो हसायला लागल्या. मालक म्हणाला, "बाबा, हे काय नाटक हाय?" मी म्हटलं, "नाटक नाही. पाच हाय. पाहा तुमचा मोबाईल." त्यानं पाहिला आणि खिशात ठेवला.

असं मी सहा दिवस केलं. सातव्या दिवशी टोळी लांबच्या वावरात होती, मधे नाला, आणि माझा गुडघा नाल्यात उतरू देईना. परत फिरलो. त्या दिवशी बाया सव्वापाच होऊन गेल्यावर सुटल्या. त्या लेकुरवाळीचा ऑटो थोडक्यात मिळाला. पळत गेली म्हणे. म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर टोळीची सुट्टी चालणार नव्हती, हे मला त्या नाल्यापाशीच कळलं होतं.

आठव्या दिवशी मंगरूळपीरला गेलो तर घड्याळवाल्यानं ते माझ्या कानाला लावलं. चालत होतं. मशीन तेच. त्यानं एकेक चाक काढून धुतलं होतं. मोठ्या काट्याच्या टोकाला तांबूस डाग राहिला होता, तो जात नाही म्हणाला. रबर नवं. "पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी तुमी या," तो म्हणाला. "कोनाले पाठवू नोका. तुमीच या." त्याचेही उपकार. काम चांगलं केलं त्याचे, आणि पुढच्या वर्षी ये म्हणाला त्याचेही.

दुसऱ्या सकाळी समाजमंदिरापुढं बाया जमल्या होत्या. मी शेजारणीसमोर घड्याळ धरलं.

"सापडलं?" तिनं विचारलं.

"सापडत नव्हतं असं नाही," मी म्हटलं. "कोठीत पुरून ठेवलं होतं म्या. लपवून."

मग त्या लेकुरवाळीनंच तोंड उघडलं, "जाऊ द्या न मामा. चालू हाय न आता?" तिनंच हे म्हणावं! मला वर पाहता येईना.

शेजारणीनं घड्याळ घेतलं आणि मनगटावर बांधायला लागली. माझ्या तोंडून निघालं, "अवं कोपराच्या वर! वर!" पुन्हा सगळ्या हसल्या. "मामा, तुमीच चला निंदाले," एक म्हणाली. शेजारणीनं वर सरकवलं तर ट्यूबचा तुकडा ताणून ताणून तुटायच्या बेतात आला. "मामीचा दंड काडीवानी व्हता," ती म्हणाली, "माहा पाहा, मुसळ हाय मुसळ." दुसरा तुकडा शिवून देईन म्हटलं मी. मग चावीचं सांगितलं, घामाचं सांगितलं, चुलीच्या कोनाड्याचं सांगितलं. बोलता बोलता लक्षात आलं की मी तिच्याच शब्दांत सांगत आहे. बायांना ते आधीच कळलं होतं. पातीला उशीर होत होता, तरी एकीनंही मला थांबवलं नाही.

संध्याकाळी सव्वापाचला बाया बोलत रस्त्यानं परत आल्या. मी ओट्यावर होतो. शेजारीण माझ्यापुढं थांबली, दंडावरचं घड्याळ काढलं, पदराच्या कोरड्या टोकानं पाठीवरून पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"हे कायले?" मी विचारलं. "तुह्याकडेच ठेव."

"माह्या घरी पानी गळते मामा," ती म्हणाली. "ओल्यात राहीन. तुमच्या खिडकीत वारा लागते. सकाळी नेत जाईन, संध्याकाळी आनून देत जाईन. तुमी पुसून ठेवत जा."

तिचं घर दोन वर्षांपूर्वी सरकारी घरकुल योजनेत झालं. पक्का स्लॅब आहे. त्या स्लॅबवर मी आणि माझ्या बायकोनं पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं. त्या घरात थेंब गळत नाही, आणि हे मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

मी म्हटलं, "बरं बाई. आनत जा."